एकसष्टाव्या मजल्यावरचा पाहुणा

उरलेल्या तीन दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याला पटणार नाही त्याने आत्ताच उठून जावं, मागाहून तोंड वाकडं करू नये.

गुबैशा वाळवंटातून शहरात आली ती काल संध्याकाळी. आज ती लेकाच्या एकसष्टाव्या मजल्यावरच्या घरात, भिंतीएवढ्या काचेपाशी जमिनीवर बसली होती. बिल्डिंग एवढी उंच, की रमजानात खालच्यांनी खजूर तोंडात टाकला तरी वरच्यांचा सूर्य मावळायचं नाव घेत नाही, बसतात बिचारे उपाशी. खाली रस्तेच रस्ते, पण पायी चालणारं एक माणूस नाही. खजुराची झाडं कुठून कुठून आणून उभी केलेली, अन् पळून जाऊ नयेत म्हणून दोरांनी बांधलेली. बाहेर ऊन आग ओकत होतं अन् घरात म्हातारी लोकरीची शाल घेऊन कुडकुडत होती.

"दार उघडं टाक गं," ती चौथ्यांदा म्हणाली.

"उघडून काय करू, आजी? बाहेर लिफ्ट आहे नुसती," घरकाम करणारी अलमाझ म्हणाली. ती इथिओपियाची, दोन वर्षांपूर्वी आलेली. "कोण येणारे इथे?"

"उघडं दिसलं तर येईल कुणीतरी."

साठ वर्षांत गुबैशाच्या तंबूचा पडदा दिवसाउजेडी कधी पडला नव्हता, अन् कॉफीची किटली कधी निखाऱ्यावरून उतरली नव्हती. ऑफिसला निघताना लेक, सुहैल, म्हणाला होता, "आई, इथे कुणी न सांगता येत नाही." तेव्हा तिने विचारलं होतं, "मग इथे राहता तरी कशाला?"

तेवढ्यात आलं कुणीतरी. आभाळातून.

आधी बूट दिसले, मग गुडघे, मग अख्खा माणूस. दोरांना टांगलेल्या लोखंडी पाळण्यात उभा, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, हातात फेसाची बादली. नेमका तिच्यासमोर येऊन थांबला.

जे गुडघे दहा वर्षं तिचं ऐकत नव्हते ते एका झटक्यात उठले. "अलमाझ, पाहुणा आलाय."

"पाहुणा कसला? काचा पुसणारा आहे तो."

"माझ्यासमोर येऊन थांबला ना? मग पाहुणा. काचा पुसेना का."

"पाहुणे काय खिडकीतून येतात?"

"दार उघड म्हणत होते तेव्हा ऐकलं नाहीस. आता तो येईल कुठून?"

वेलदोडा घातलेली कॉफी तयारच होती. डाव्या हातात किटली, उजव्या हातात बिनकानाचा इवला कप. तिने घोटभर कॉफी ओतली अन् कप काचेला टेकवला.

माणूस प्यायला नाही. त्याने तोंडावरचं फडकं काढलं. कोवळा चेहरा, ओठ फुटून पांढरे पडलेले. काचेच्या अगदी जवळ आला, सरळ तिच्या डोळ्यांत बघायला लागला. काहीतरी बोलत होता, अन् बोलता बोलता डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गुबैशा चपापली. तिच्या माणसांत पाहुण्याने कॉफी न पिता समोर तशीच ठेवली, तर त्याचं काही मागणं असतं. मग यजमानाने विचारायचं, अन् 'दिलं' म्हणायचं, त्याशिवाय तो कपाला ओठ लावत नाही. अशा कपांपायी तिने दोन उंटिणी दिल्या होत्या. एक लेकही दिली होती. नाही म्हणणं तिला ठाऊकच नव्हतं.

"माग, बाबा," ती काचेला म्हणाली. "काय हवं ते माग. दिलं."

त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

"आजी," अलमाझ हळू म्हणाली, "त्याला तुम्ही दिसत नाही. बाहेरून ही काच म्हणजे आरसा आहे. तो स्वतःलाच बघतोय."

"मग बोलतोय कुणाशी?"

अलमाझने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "पहिल्या वर्षी मीही बोलायचे. न्हाणीघरातल्या आरशाशी."

माणसाने बाहीने डोळे पुसले, मग फेसाने काच पुसली. फेसाआड तो दिसेनासा झाला. फेस ओघळला तेव्हा पाळणा सरसर खाली निघाला होता. कामगारांच्या जेवणाची वेळ झाली होती.

गुबैशाने किटली उचलली, कप घेतला अन् अनवाणी निघाली.

"आजी, कुठे?"

"दिलं म्हणाले ना मी? मग काय दिलं ते कळायला नको?"

खालचा पहारेकरी अदबीने आडवा आला. "उम्म सुहैल," सुहैलची आई म्हणून त्याने हाक मारली, "कामगार मागच्या बाजूला असतात. तिकडे चालत जायला वाट नाही."

नव्हतीच. ती तापल्या डांबरावरून गेली. बिल्डिंग एवढी जाड, की वळसा घालता घालता दुपारची नमाज होऊन गेली. मागे कामगारांची बस उभी होती. आत चाळीस माणसं, सगळ्यांचे कपडे एकसारखे, सगळ्यांच्या तोंडाला तेच फडकं. ती एकेका खिडकीशी जाऊन विचारायला लागली, "माझ्याकडे कोण आलं होतं?" बस हसायला लागली. मग शेवटच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. त्याने कॉफी घेतली, तीन कप प्यायला, अन् आमच्यातल्या माणसासारखा कप हलवून 'पुरे' म्हणाला.

"काय मागत होतास रे?" तिने विचारलं.

"विसरलो," तो म्हणाला. "कॉफी छान आहे."

बरं. दात तीनच उरलेत, ते तरी राहू देत. एक गोष्ट मी पदरची घातली, ती बस. गुबैशा पोचली तेव्हा मागे बस नव्हती. डांबरावर फेसाचे ओले ठिपके होते, अन् तेही वाळत आले होते.

घोटभर कॉफीचा तो कप तिने परत आणून काचेपाशी ठेवला, तो अजून तसाच आहे. अलमाझ धुवायला उचलते, की म्हातारी म्हणते, "राहू दे. त्याचं मागणं ऐकायचं राहिलंय."