पेटीतले तुडतुडे

त्या साहेबाचा मला अजून संताप येतो. छप्पन साली आमच्या मारुंजीच्या भातावरचे तुडतुडे कोणत्या कुळातले, हे ठरवायला तो आमच्या ओसरीवर उतरला. भिंगातून पंखांच्या शिरा बघायचा आणि मेलेले तुडतुडे काचेच्या पेटीत टाचणीनं टोचायचा, सगळ्यांची तोंडं शेताकडे.

सकाळी ती घराकडे वळलेली असायची.

“पोरीनं हात लावला,” तो माझ्यावर खेकसला.

आई उसळली. “माज्या पोरीला लबाड म्हंता? पेटीची किल्ली तुमच्याच जानव्याला हाय न्हवं?”

मग ती त्या तोंडांच्या रोखानं बघत आत गेली. समोर झोळीत माझा तान्हा भाऊ झोपला होता.

आईनं त्याला रागारागानं उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं.

बंद पेटीत सगळ्या टाचण्या करकरल्या आणि तोंडं त्या कोपऱ्याकडे वळली.