वरची घंटा

विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या एका खोलीत मधुकररावांनी नुसती कूस बदलली तरी उमाला कळायचं. बदलापुरात सात खोल्यांचा बंगला बांधला आणि जेवायला बोलवायचं तरी जिन्याखाली उभं राहून घसा फोडावा लागायचा. मग अर्धांगवायूनं त्यांची वाचाच गेली. कमोड वरच्या मजल्यावर, म्हणून अंथरूणही वरच. उमानं देवघरातल्यासारखीच पितळी घंटा आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. "अहो, काही लागलं की वाजवा. मी धावत येते." त्या सकाळी ती मागच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होती. घंटा वाजली, वाजतच राहिली. "सासूबाईंची आरती आज लवकर सुरू झाली," असं पुटपुटत तिनं कणकेच्या हातांनीच नमस्कार केला आणि ती परातीकडे वळली. हळूहळू घंटा थांबली. इतक्यात अंगणातून सासूबाई जास्वंदीची परडी घेऊन आल्या. "उमा, उशीर झाला गं. आत्ता बसते पूजेला."