परकं रक्त

आजोबा, वडील आणि थोरला भाऊ, तिघंही पोटाच्या कॅन्सरनं गेले, तेव्हा देवासच्या संग्रामनं ठरवून टाकलं की हे रक्त पुढे न्यायचंच नाही. स्वतःचं मूल होऊ दिलं नाही; धारच्या अनाथाश्रमातून तान्ह्या श्रियाला घरी आणलं. आईनं त्याला भरवलं होतं तसाच, प्रत्येक घास आधी स्वतः चावून मऊ करून त्यानं तिला भरवला.

चौथ्या वर्षी श्रिया पोट धरून कळवळू लागली. इंदूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासलं आणि पोटात अल्सर असल्याचं सांगितलं.

"असं कसं होईल, डॉक्टरसाब?" संग्रामनं त्यांचे हातच धरले. "आमच्या घरचे तिघं पोटाच्या कॅन्सरनं गेले, पण आमच्या रक्ताचा एक थेंब नाही हो तिच्यात!"

"रक्ताचा काय संबंध, भिया? हा अल्सर एका जंतूमुळे झालाय. तो पोटात ठाण मांडतो आणि तिथल्या पेशींची जीन्स हळूहळू बिघडवत जातो; त्यातूनच पुढे कधी कॅन्सर होतो. तुमच्या घरच्यांनाही हाच असेल. बहुतेक लहानपणीच लागतो, घरातल्याच कुणाच्या तरी तोंडातून."





पलंगावरून श्रियानं हातातलं बिस्कीट त्याच्यापुढे धरलं. "बाबा, चावून द्या ना."