खिडकीपुरतं

वाटणीच्या भांडणानंतर थोरल्याने दोन घरांच्या मधोमध कामिनीची रोपं लावली. कामिनी बारा महिने हिरवी राहते. धाकट्याचं तोंड वर्षातला एक दिवसही दिसायला नको होतं त्याला. अकरा वर्षं त्याने ती झुडपं पोटच्या पोरांसारखी जपली आणि कातरून कातरून पुरुषभर उंचीची दाट भिंत केली.

परवा धाकट्याची बायको फाटकाशी येऊन उभी राहिली.

"दादा, हे अंथरुणाला खिळलेत. खिडकीशी पडून दिवसभर तुमच्या कात्रीचा आवाज ऐकत असतात. खिडकीपुरतं तरी कमी कराल का?"

थोरल्याला एकदम भरून आलं. "त्याने पाठवलं तुला?"

तिने नुसती मान खाली घातली. त्याला तेवढं पुरलं.

त्याच संध्याकाळी त्याने खिडकीसमोरची झुडपं आपल्या हाताने कमरेपर्यंत उतरवली. समोर उशीला टेकलेला भाऊ दिसला, पार वाळून गेलेला. थोरल्याने हात वर केला. धाकट्यानेही हात उचलला.

 

"अगं," धाकटा बायकोला म्हणाला, "तो पडदा ओढून घे."