झाकलेले फुगे

आमच्या हौशी चित्रकथाकारांच्या मंडळात संवादांचे फुगे पिवळ्या चिठ्ठ्यांनी झाकून नुसत्या चित्रांवरून गोष्ट ओळखायची. नियम माझाच. त्याच्याच जोरावर मी बेकरीवाल्या काकांच्या पानाची सालटी काढली होती. गेल्या खेपेला काकांनी माझं पान झाकलं. “पोरी, दोन खांब उभे आहेत. पुढे?” अबोला धरलेल्या दोन भावांची माझी गोष्ट सगळी फुग्यांतच होती; चित्रांत ते नुसते ताठ उभे. घरी धुसफुसले, मग खोडून नव्यानं काढलं. आज काका चिठ्ठ्या घेऊन बसले, तर झाकायला एकही फुगा नाही. “थोरला स्टुलावर चढून बल्ब लावतोय. स्टूल डुगडुगतंय. धाकटा दारातून मागे वळतो...” शेवटच्या चौकटीत स्टूल घट्ट धरलेला एक हात होता. “मिटलं गं त्यांचं!” काका ओरडले, टाळ्यांनी खोली दणाणली. त्यांनी चिठ्ठ्या माझ्या हातात कोंबल्या आणि पिशवीतून नवं पान काढलं. “घे. सालटी नीट काढ!”