हयात नसलेला मालक

कुमुदिनीबाईंनी रॅमची पट्टी खोडरबराने घासली, फुंकर मारली आणि खाचेत दाबून बसवली. जुन्या संगणकाचं दुखणं नेहमी एवढ्यावर बरं व्हायचं. त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'मालक हयात नाहीत. संगणक सुरू होणार नाही.' त्यांनी लेकीला फोन लावून ते वाचून दाखवलं.

"आई, बाबांच्या मृत्यूची नोंद केलीस?" ते ऐकून फोनवरून ऋजुताने विचारलं.

"कालच केली."

"मग संपलंच! नोंद झाली की माणसाची सगळी यंत्रं बंद होतात. पण संगणक तर तुझा ना?"

"घरातलं काय माझ्या नावावर आहे गं? गॅससुद्धा ह्यांच्याच नावावर."

आत त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेले विज्ञानाचे सगळे धडे होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. अच्युतरावांनी त्यातला एकही कधी वाचला नव्हता. 'तुझा टाइमपास' म्हणायचे.

पडद्यावर पुढची ओळ आली : 'दिवंगत मालकाचे लेखन वारसांना मिळेल. लेखक : कै. अच्युत पेंडसे. मान्य?' बाईंनी तीही वाचून दाखवली.

"मुळीच मान्य करू नकोस! आपण कोर्टात जाऊ."

"किती वर्षं लागतील?"

"चार-पाच तरी."

"तोवर माझी मुलं शाळा सोडून जातील," म्हणत बाईंनी अंगठा टेकवला. संगणक मुकाट सुरू झाला. प्रत्येक धड्याखाली अच्युतरावांचं नाव आलं होतं.

"मुलांनी विचारलं, हे कोण, तर?"

"सांगेन," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "फार छान समजावून सांगायचे."