खाटकाची चरबी

"ही चरबी मला द्याल?" खाटकाच्या पोटाची वळी चिमटीत धरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

खाटकाला वाटलं, बाई थट्टा करताहेत. सारा जन्म त्यानं चरबी सोलून बादलीत टाकली होती. गिऱ्हाईक दारातूनच ओरडायचं, चरबी नको हं! आणि ही शिकलेली बाई नेमकी तीच मागत होती.

"हवी तेवढी घ्या, घरचाच माल आहे," तो म्हणाला. "पण पाय तेवढा ठेवा."

साखरेच्या आजारानं त्याचे तळवे कधीच बधिर झाले होते. दुकानात हाडाची कपची टाचेत घुसली, तीही त्याला कळली नाही. फरशीवरचे रक्ताचे ठसे पाहून बायको किंचाळली, तेव्हा त्यानं खाली पाहिलं. त्यानंतर जखम काही भरेना. औषधं झाली, पट्ट्या झाल्या. आधीच्या दवाखान्यात तर पाय कापायचं नक्कीच झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं. चरबीत काही मूळ पेशी असतात. मोडलेल्या जागी त्या गेल्या, की ती जागा पुन्हा उभी राहू लागते. त्या वेगळ्या काढायच्या आणि जखमेभोवती टोचायच्या. "अजून प्रयोगच चाललाय. जखम भरेल अशी आशा आहे, पण शब्द देत नाही."

पोटातली चरबी नळीतून बाटलीत उतरली. खाटकानं मान उचलून पाहिलं. तीच पिवळी, रोजची. यंत्रातून फिरून, गाळून शेवटी तिचं चमचाभर गढूळ पाणी उरलं.

"एवढंच?" बायको पुटपुटली.

पट्टी सोडताना तो छताकडे बघायचा. जखम बघायची ती बायकोनं. आधी ती बघून लगेच मान वळवायची. मग एकदा म्हणाली, "कडेला गुलाबी दिसतंय." पुढच्या खेपेला म्हणाली, "अहो, खड्डा वर आलाय. बघा तरी!"

त्यानं भीतभीत पाहिलं. आणि पाहतच राहिला. आयुष्यभर त्यानं मांस कापलं जाताना पाहिलं होतं. उगवताना आज पहिल्यांदा पाहत होता.

शेवटची पट्टी निघाली तेव्हा टाचेची जखम बुजली होती. नव्या कातडीवरून डॉक्टरीणबाईंनी नजर फिरवली आणि चष्मा काढून डोळे पुसले. "पाय वाचला," त्या म्हणाल्या.

खाटकानं डोळे मिटून घेतले. बायको खाली बसली. तिनं तो पाय हळूच दोन्ही हातांत धरला.

खाटकानं दचकून पाय मागे ओढला.

"काय झालं?" डॉक्टरीणबाई पुढे धावल्या.

तो बायकोकडे बघत होता, तिला पहिल्यांदाच पाहिल्यासारखा.

"अगं," तो म्हणाला, "किती गार आहेत तुझे हात!"